कॉन टूलबॉक्स: एफटीडीच्या अभ्यासाला कितपत पुरते?

निकाल आधीच सांगून टाकतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे एफटीडीत, मेंदूच्या भागांमधल्या जोडण्या कशा ढासळतात हे गटांच्या पातळीवर अभ्यासायचे असेल, तर कॉन टूलबॉक्स आजही पहिल्या पसंतीचे सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे, भरवशाने चालते आणि स्वतःच्या चुका दाखवणारी चित्रे काढून देते. अडचण त्याच्या तयार सेटिंगची आहे. त्या तरुण, धडधाकट मेंदूवर बेतलेल्या आहेत आणि एफटीडीचा मेंदू त्या साच्यात बसत नाही. डोळे मिटून पुढे-पुढे दाबत गेलात तर शेवटी रंगीत, फिरवता येणारा मेंदू मिळेल, पण त्यात इन्सुला (मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेला भाग) भलतीकडेच पकडलेला असेल.

हे परीक्षण २२ क्रमांकाच्या मालिकेतील आवृत्तीवर आहे, आणि रेस्टिंग-स्टेट एफएमआरआयपुरतेच आहे. रुग्णाला काही काम न देता, नुसते पडून राहायला सांगून घेतलेला हा स्कॅन मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो; दोन भागांचे चढउतार एका तालात असले की ते जोडलेले मानतात. एमडीच्या प्रबंधासाठी घाईघाईत वीस स्कॅन गोळा करणाऱ्यांपासून आजार वारशाने येणाऱ्या जनुकीय कुटुंबांवर काम करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने लिहिले आहे.

आजाराबद्दल थोडक्यात. एफटीडी साधारण पंचेचाळीस ते पासष्ट या वयात गाठतो. वर्तनाच्या प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते. बिघडतो तो स्वभाव: माणूस भिडस्तपणा सोडतो, घरच्यांच्या दुःखाने हलत नाही, गोडावर तुटून पडतो, तीच ती गोष्ट करत राहतो. २०११च्या निकषांत अशी सहा लक्षणे दिली आहेत. त्यांतली तीन असली की 'शक्य' निदान, आणि त्याला रोजच्या व्यवहारातली घसरण व स्कॅनचा पुरावा जोडला की 'संभाव्य' निदान. भाषेचे प्रकार वेगळे. निदान होईतो अनेक रुग्ण मानसोपचाराच्या दारात जाऊन आलेले असतात, म्हणून लवकर ओळखण्याची एवढी धडपड.

जोडण्यांचा प्रश्न यात आला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या गटामुळे. विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सेलियन्स नेटवर्क, म्हणजे महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वळवणारे जाळे, वेगळे दाखवले. पुढचा इन्सुला आणि अँटेरियर सिंग्युलेट हे त्याचे दोन मुख्य खांब. वर्तनाच्या एफटीडीत झीज सुरू होते ती नेमकी इथून. २०१० मध्ये त्याच वर्तुळातून आलेल्या अभ्यासात या रुग्णांत सेलियन्स नेटवर्क क्षीण आणि डिफॉल्ट मोड नेटवर्क (मन मोकळे असताना जागे असणारे जाळे) वाढलेले दिसले, अल्झायमरमध्ये याच्या बरोबर उलट. चित्र इतके सुबक होते की पुढची दहा वर्षे सगळे तेच शोधत राहिले. सेलियन्सची घट पुढेही वारंवार दिसली, डिफॉल्ट मोडची वाढ मात्र प्रत्येकाला सापडली नाही. ती का सापडत नाही याचा एक धागा कॉनच्या डिनॉइझिंग, म्हणजे सिग्नलमधला गोंगाट काढण्याच्या, टॅबमध्ये आहे. त्यावर पुढे येतोच.

कॉन लिहिले अल्फोन्सो निएतो-कास्तान्योन आणि सुझन व्हिटफील्ड-गॅब्रिएली यांनी, आणि त्यावरचा मूळ लेख २०१२चा. ते मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये, एसपीएम१२ या मेंदूच्या स्कॅनसाठीच्या पॅकेजच्या खांद्यावर बसून चालते. मॅटलॅबचे लायसन्स परवडत नसेल तर स्वतंत्र आवृत्ती घ्यावी. तिला फक्त मॅटलॅब रनटाइम लागतो आणि तो फुकट मिळतो. मॅटलॅब असेल तर एसपीएम आणि कॉन यांचे फक्त मुख्य फोल्डर पाथमध्ये टाकावेत, उपफोल्डरसकट नव्हे. उपफोल्डर टाकले की एकाच नावाच्या दोन फंक्शनची टक्कर होते आणि एररचा संदेश भलत्याच ठिकाणी उमटतो. फोल्डरची नावे साध्या रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत, नसती भानगड नको.

डिस्कवर जागा भरपूर हवी. प्रत्येक पायरी जुनी फाइल न पुसता नवी प्रत लिहिते आणि नावाच्या पुढे एक अक्षर जोडते: हालचाल सुधारल्यावर यू, स्लाइसची (स्कॅनच्या एकेका थराची) वेळ सुधारल्यावर ए, प्रमाण साच्यात (सरासरी मेंदूच्या नकाशात) बसवल्यावर डब्ल्यू, गुळगुळीत केल्यावर एस. २ मिमीच्या ग्रिडवर एका व्हॉल्यूममध्ये, म्हणजे पूर्ण मेंदूच्या एका चित्रात, ९१ गुणिले १०९ गुणिले ९१, म्हणजे नऊ लाखांवर व्हॉक्सेल (चित्राचे ठोकळे) असतात. दर दोन सेकंदांनी एक याप्रमाणे आठ मिनिटांच्या स्कॅनचे २४० व्हॉल्यूम होतात. १६-बिटमध्ये ही एक प्रत सुमारे ४३० एमबीची, आणि साच्यात बसवल्यानंतरच्या अशा दोन प्रती असतात. साठ जणांचा अभ्यास म्हटला तर फक्त या दोन प्रतींनाच पन्नास जीबी गेले. कॉनची प्रोजेक्ट फाइल आणि तिच्याच नावाचा फोल्डर ही जोडगोळी आहे, एकाला हलवले तर दुसऱ्यालाही हलवावे. मूळ स्कॅन दुसऱ्या ड्राइव्हवर नेले तर कॉन त्यांचा नवा पत्ता विचारते आणि बाकीच्या फाइल बहुतेक वेळा स्वतःच शोधून काढते. ही सोय छोटी वाटते, पण हार्ड डिस्क बदलायची वेळ आली की तिची किंमत कळते.

सेटअप: पहिल्या अर्ध्या तासात होणाऱ्या चुका

खिडकीत डावीकडून उजवीकडे चार टप्पे आहेत: सेटअप, डिनॉइझिंग, पहिल्या पातळीचे (एकेका माणसाचे) विश्लेषण आणि निकाल. सेटअपमध्ये सर्वात आधी टीआर, म्हणजे दोन व्हॉल्यूममधला वेळ, तपासावा. तो चुकला तर काहीच अडत नाही, आणि धोका त्यातच आहे. पुढचा फ्रिक्वेन्सी फिल्टर चुकीच्या पट्ट्यात बसतो आणि सगळे आलेख तरीही देखणे दिसतात.

दुसरी चूक स्लाइसच्या क्रमाची. सीमेन्सच्या मशिनवर इंटरलीव्हड (एक सोडून एक) पद्धतीने स्लाइस घेतल्या आणि त्यांची संख्या सम असेल, तर सुरुवात दुसऱ्या स्लाइसपासून होते. विषम असेल तर पहिलीपासून. कॉनच्या यादीत सीमेन्ससाठी वेगळा पर्याय आहे, तोच निवडावा. बिड्स या प्रमाण मांडणीत ठेवलेल्या डेटात स्कॅनसोबत जेसन फाइल असते, तिच्यातून वेळा थेट वाचता येतात; ती असेल तर अंदाज कशाला करायचा? तिसरी गोष्ट, स्ट्रक्चरल (मेंदूची रचना दाखवणाऱ्या) स्कॅनचा शून्यबिंदू मेंदूबाहेर पडला असेल तर सेगमेंटेशन (ऊतके वेगळी ओळखणे) कोसळते. त्यासाठी केंद्र शून्यावर आणण्याची एक पायरी आहे, ती सगळ्यांना सरसकट लावली तरी नुकसान नाही.

आता खरा पेच. कॉनची नेहमीची साखळी फंक्शनल (एफएमआरआय) आणि स्ट्रक्चरल स्कॅन दोन्ही वेगवेगळे, थेट प्रमाण साच्यात बसवते. तिला डायरेक्ट पद्धत म्हणतात. फील्ड मॅप (चुंबकीय क्षेत्राचा नकाशा) नसेल तेव्हा ती चांगली चालते. पण एफटीडीच्या पुढारलेल्या रुग्णात कपाळामागचा भाग आणि कानशिलाच्या आतल्या टेम्पोरल लोबचे टोक सुरीच्या पात्यासारखे पातळ झालेले असते, व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) फुगलेली असतात. असा मेंदू निरोगी माणसांच्या साच्यात ओढून बसवताना सॉफ्टवेअर ताणाताण करते, आणि सीएसएफचा, म्हणजे मेंदूभोवतीच्या द्रवाचा, पातळसा पट्टा ग्रे मॅटर (पेशींचा राखाडी थर) म्हणून खपून जातो. फील्ड मॅप आणि बऱ्यापैकी स्ट्रक्चरल स्कॅन हाताशी असतील तर इनडायरेक्ट पद्धत निवडावी. तिच्यात फंक्शनल स्कॅन आधी त्याच माणसाच्या स्ट्रक्चरलवर बसतो आणि मग दोन्ही एकत्र साच्यात जातात. कोणतीही पद्धत घ्या, प्रत्येक रुग्णाचे क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासण्याचे, चित्र डोळ्यांनी पाहायलाच हवे. साच्याची बाह्यरेषा फंक्शनल स्कॅनवर काढून दाखवणारी चित्रे कॉन एका बटणावर तयार करते. साठ जणांची पाहायला तासभर लागतो. त्यात इन्सुलाची घडी आणि टेम्पोरल लोबचे टोक या दोन जागांवर थांबावे; बाकी मेंदू बहुधा नीटच बसलेला असतो.

याच दोन जागांना आणखी एक शाप आहे. डोळ्यांच्या वरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग आणि टेम्पोरल टोक हवेच्या पोकळ्यांशेजारी आहेत. हवा आणि ऊतक यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र विस्कटते, त्यामुळे तिथला सिग्नल एकतर सरकतो किंवा पार नाहीसा होतो. सरकलेला सिग्नल फील्ड मॅपने जागेवर आणता येतो. गेलेला परत येत नाही, त्याला कॉन काय करणार? उपाय स्कॅनरवरच करावा लागतो: पातळ स्लाइस, कमी इको टाइम, स्लाइसचा कोन थोडा तिरका, शक्य असेल तर मल्टी-इको. शब्दार्थ हरवणाऱ्या भाषिक प्रकारात आजाराचे मूळ डाव्या टेम्पोरल टोकात असते. तिथे सिग्नलच नसेल तर 'जोडणी कमी' हा निकाल आजाराचा नसून सायनसचा आहे. सरासरी फंक्शनल चित्र उघडून टोकाशी काळा खड्डा दिसतो का ते पाहावे. दिसला तर त्या सीडचा, म्हणजे जिथून जोडण्या मोजायच्या त्या जागेचा, नाद सोडावा.

तयार सीड आणि अठरा मिलिमीटर

कॉनसोबत दोन तयार नकाशे येतात. एकात हार्वर्ड-ऑक्सफर्ड आणि एएएल या जुन्या नकाशांचे मिळून १३२ भाग, दुसऱ्यात ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या डेटावरून काढलेल्या आठ नेटवर्कचे ३२ भाग. दुसऱ्यात 'सेलियन्स' नावाखाली सात बिंदू आहेत आणि नवखा संशोधक आनंदाने तेच वापरतो.

त्यातल्या उजव्या पुढच्या इन्सुलाचा बिंदू एमएनआय मोजमापात (प्रमाण साच्यातल्या मिलिमीटरांत) ४७, १४, ० इथे आहे. सीलींच्या २००७च्या कामात वापरलेला उजवा फ्रंटोइन्सुलर बिंदू ३८, २६, उणे १० असा. दोन्हींमधले अंतर काढा: नऊचा वर्ग, बाराचा वर्ग, दहाचा वर्ग, बेरीज ३२५, वर्गमूळ सुमारे १८. अठरा मिलिमीटर! कॉनचा बिंदू बाहेरच्या बाजूला, ऑपर्क्युलमकडे (इन्सुला झाकणाऱ्या घडीकडे) झुकलेला आहे. एफटीडी सुरू होतो तो भाग आणखी पुढे, खाली आणि आत आहे. वॉन इकॉनोमो न्यूरॉन नावाच्या लांबट पेशी या फ्रंटोइन्सुलात आणि अँटेरियर सिंग्युलेटमध्ये दाटीने असतात, आणि या आजारात त्या लवकर मरतात. तयार सीड वापरून 'फरक नाही' असा निकाल आला तर तो आजाराबद्दल फारसे काही सांगत नाही.

म्हणून स्वतःचा सीड करावा. त्या बिंदूभोवती ६ मिमी त्रिज्येचा गोल घ्यावा आणि आरओआय (निवडलेल्या भागांच्या) टॅबमध्ये जोडावा. गोलाचे घनफळ सुमारे ९०५ घन मिमी. स्कॅन ३ मिमीचा असेल तर त्यात मूळचे तेहेतीसच व्हॉक्सेल मावतात. शेजारी ग्रे मॅटरने मास्क करण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या ग्रे मॅटरपुरताच सिग्नल घेतला जाईल. झिजलेल्या मेंदूत मास्कनंतर पाच-सात व्हॉक्सेलच उरले, असे होऊ शकते. अशा रुग्णाचा आकडा गोंगाटाचा असतो. किमान किती व्हॉक्सेल उरले पाहिजेत ते विश्लेषणाआधी ठरवून लिहून ठेवावे, निकाल पाहून नव्हे.

सी९ऑर्फ७२ या एफटीडीशी जोडलेल्या जनुकाच्या रुग्णांवर काम असेल तर मेंदूच्या मध्यातल्या थॅलॅमसचीही अशीच गोष्ट. तिथे मामला मधल्या पल्व्हिनारचा, म्हणजे थॅलॅमसच्या मागच्या एका भागाचा, असतो आणि कॉनच्या नकाशात थॅलॅमस म्हणजे उजवा एक, डावा एक, अख्खाच्या अख्खा. पल्व्हिनारचा मास्क बाहेरून आणावा लागतो.

सीडचा सिग्नल काढताना कॉन आपणहून गुळगुळीत न केलेली प्रत वापरते. हे फार चांगले केले आहे. ८ मिमीच्या गुळगुळीत प्रतीतून काढला असता तर शेजारच्या सीएसएफचे आणि पांढऱ्या द्रव्याचे (मज्जातंतूंच्या जुड्यांचे) पाणी त्यात मिसळले असते. फक्त सेटिंग बदललेली नाही ना, एवढे पाहावे.

डिनॉइझिंग

कॉनचा जीव इथे आहे आणि पैसे वसूल होतात तेही इथेच (पैसे दिलेले नसले तरी).

नेहमीच्या सेटिंगमध्ये पांढऱ्या द्रव्यातून पाच आणि सीएसएफमधून पाच घटक, हालचालीचे बारा आकडे, बिघडलेल्या प्रत्येक व्हॉल्यूमसाठी एक स्वतंत्र रकाना, हे सगळे सिग्नलमधून वजा होते. मग ०.००८ ते ०.०९ हर्ट्झचा फिल्टर लागतो. बिघडलेला व्हॉल्यूम ठरवण्याची मधली पातळी म्हणजे ०.९ मिमीची हालचाल किंवा एकूण सिग्नलमध्ये पाच प्रमाण विचलनांची उडी. कडक पातळी ०.५ मिमी आणि तीन विचलने. एफटीडीसाठी आमचा कौल कडक पातळीला. कारण साधे आहे. भिडस्तपणा गेलेला रुग्ण मशिनमध्ये बोलतो, मान वळवतो, उठायला बघतो. औदासीन्य आलेला रुग्ण ओंडक्यासारखा पडून राहतो, कधी नियंत्रण गटापेक्षाही स्थिर. म्हणजे हालचाल स्वतःच लक्षणाशी बांधलेली आहे. ती ढिली सोडली तर लांब अंतराच्या जोडण्या खोट्या कमी आणि जवळच्या खोट्या जास्त दिसतात, आणि सेलियन्स नेटवर्क लांब अंतराचेच आहे.

कडक पातळीचा दंड म्हणजे डेटा कमी उरतो. ढोबळ हिशेब असा. दोन सेकंदांच्या टीआरला पाहता येणारी सर्वात वरची फ्रिक्वेन्सी ०.२५ हर्ट्झ. फिल्टर त्यातला ०.०८२चा पट्टा ठेवतो, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जरा कमी. २४० बिंदूंतून खऱ्या अर्थाने उरतात सुमारे ७९, आणि वरचे सगळे रकानेही यातूनच आपला वाटा खातात. प्रत्येकाच्या किती मुक्त मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) उरल्या हे कॉन दाखवते आणि दुसऱ्या पातळीसाठी, म्हणजे गटांच्या तुलनेसाठी, साठवूनही ठेवते. पाच मिनिटांहून कमी, म्हणजे १५० हून कमी स्वच्छ व्हॉल्यूम उरलेला रुग्ण गाळावा, हा रूढ संकेत इथे पाळण्याजोगा आहे. यावरून स्कॅन घेतानाच शहाणपण सुचायला हवे: आठ मिनिटांच्या एका स्कॅनऐवजी सहा-सहा मिनिटांचे दोन घ्यावेत, मध्ये रुग्णाशी दोन शब्द बोलावेत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज नीट भरावा, डोळे उघडे ठेवायला सांगावे. झोप लागली तर नेटवर्कचे चित्रच पालटते. ट्रॅझोडोन किंवा एसएसआरआय यांसारखे नैराश्यावरचे औषध चालू असेल तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात हवीच.

आता डिफॉल्ट मोडच्या वाढीकडे. कॉन आपणहून संपूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल वजा करत नाही. पांढऱ्या द्रव्याच्या आणि सीएसएफच्या घटकांवर ते भागवते. अनेक जुन्या अभ्यासांत तो सरासरी सिग्नल वजा केलेला आहे. तसे केले की गणितानेच काही जोडण्या उणे होतात. एका गटात सेलियन्स क्षीण झाले की दुसरे कुठले तरी नेटवर्क तुलनेने वाढल्यासारखे दिसू शकते. म्हणून डिफॉल्ट मोड वाढले असा दावा करायचा असेल तर विश्लेषण दोन्ही पद्धतींनी करून दोन्ही निकाल छापावेत. कॉनमध्ये यादीत एक रकाना वाढवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

इथली क्यूए चित्रे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. डिनॉइझिंगआधी जोडण्यांच्या आकड्यांचा डोंगर शून्यापासून उजवीकडे सरकलेला असतो, नंतर तो शून्याजवळ, बराचसा सममित यायला हवा. एखाद्या रुग्णाचा डोंगर तरीही उजवीकडेच राहिला तर त्याचे सीएसएफ मास्क उघडून पाहावे. फुगलेल्या व्हेंट्रिकलच्या कडेला मास्कने ग्रे मॅटर गिळलेले असते, असा अनुभव या आजारात वारंवार येतो. मास्क एका व्हॉक्सेलने अधिक कुरतडला की बहुधा सुटते.

निकालाचा टप्पा

१३२ भागांतल्या सगळ्या जोड्या तपासायच्या तर ८,६४६ जोड्या होतात. ०.०५ वर नुसत्या योगायोगानेच चारशेवर 'सापडतील'. कॉनमध्ये एफडीआर, नेटवर्क-आधारित पद्धत, टीएफसीई असे योगायोग चाळून काढणारे सगळे उपाय आहेत. पण आजाराबद्दल एवढे माहीत असताना गळ टाकून बसायचे कशाला? सेलियन्सचे सात आणि डिफॉल्ट मोडचे चार बिंदू घेतले तर जोड्या फक्त ५५. वीस-पंचवीस रुग्णांच्या अभ्यासाला एवढेच झेपते. चाचणी मात्र दोन्ही बाजूंनी करावी. लक्षणे सुरू होण्याआधीच्या, जीआरएन जनुकात दोष असलेल्या वाहकांत थॅलॅमस आणि कॉर्टेक्समधल्या जोडण्या वाढलेल्याही आढळल्या आहेत. फक्त घट शोधणाऱ्याला त्या दिसणारच नाहीत.

गट दुसऱ्या पातळीच्या रकान्यांत एक आणि शून्य असे भरायचे. रुग्ण, नियंत्रण, वय, सरासरी हालचाल असे चार रकाने घेतले तर कॉन्ट्रास्ट (रकान्यांना द्यायची वजने) एक, उणे एक, शून्य, शून्य. माहिती नसलेल्या ठिकाणी शून्य लिहू नये, रिकाम्या मूल्याची खूण लिहावी म्हणजे तो माणूस विश्लेषणातून बाहेर राहतो. शून्य लिहिलेत तर कॉन त्याला शून्य वर्षांचा धरून चालते आणि तक्रारही करत नाही.

झिजेचा प्रश्न इथे पुन्हा येतो. ग्रे मॅटरचे एकूण आकारमान कॉन आपोआप रकान्यात भरते आणि बहुतेक जण तेच टाकून मोकळे होतात. एफटीडीत झीज सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एकूण आकारमान हा उतारा अपुरा पडतो. सीडच्या जागेचे आकारमान दुसऱ्या साधनाने काढून वेगळा रकाना करावा. हे काम कॉन करून देत नाही, आणि या आजारासाठी त्याची ही सर्वात मोठी उणीव आहे.

लवकर ओळखण्याचा खरा अभ्यास जनुकीय कुटुंबांत होतो: एमएपीटी, जीआरएन, सी९ऑर्फ७२. युरोप आणि कॅनडातल्या जेनफी या एकत्रित प्रकल्पाने २०१५ मध्ये दाखवले की लक्षणे अपेक्षित असलेल्या वयाच्या किमान दहा वर्षे आधी मेंदूच्या आकारमानात फरक सुरू होतो आणि बौद्धिक चाचण्यांत साधारण पाच वर्षे आधी. रॉटरडॅमच्या गटाने २०१४ मध्ये ग्रे मॅटरची झीज दिसण्याआधीच वाहकांच्या पुढच्या इन्सुलाच्या जोडण्यांत फरक नोंदवला. म्हणजे आशेला जागा आहे. कॉनमध्ये हे मांडायला वाहक, अवाहक, वाहक गुणिले अपेक्षित वर्षे (लक्षणांच्या अपेक्षित वयापासूनचे अंतर), अवाहक गुणिले अपेक्षित वर्षे असे चार रकाने आणि शून्य, शून्य, एक, उणे एक हा कॉन्ट्रास्ट. जपून राहायचे ते 'अपेक्षित वर्षां'पासून. घराण्यातल्या सरासरी वयावरून काढलेला हा आकडा एमएपीटीत बऱ्यापैकी जुळतो, जीआरएन आणि सी९ऑर्फ७२ मध्ये फारच ढिला आहे. तिन्ही जनुके एकाच रेषेत बसवू नयेत.

एक व्यवहाराची गोष्ट, जी कुठल्याच मॅन्युअलमध्ये ठळक नसते. कोण वाहक आहे हे बहुतेक सहभागींना स्वतःलाच माहीत नसते आणि अनेकांना ते जाणून घ्यायचेही नसते. कॉनच्या प्रोजेक्टमध्ये मात्र तो रकाना उघडा पडलेला असतो. जनुकाची खूण फाइलच्या नावात टाकू नये. स्कॅन स्वच्छ करणाऱ्याकडे बिनरकान्याचे प्रोजेक्ट द्यावे आणि वाहकाचा रकाना शेवटच्या दिवशी जोडावा. त्याने नजरही निष्पक्ष राहते.

आपल्याकडच्या अभ्यासाला एक रकाना जास्तीचा लागतो: भाषा. हैदराबादेत ६४८ डिमेन्शिया रुग्णांवर झालेल्या २०१३च्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. त्याच शहरातल्या पुढच्या कामात एफटीडीच्या वर्तन प्रकारात हा उशीर आढळला, भाषिक प्रकारांत नाही. सोलापूरचा तेलुगू-मराठी-हिंदी बोलणारा रुग्ण आणि एकच भाषा बोलणारा नियंत्रण गट अशी जोडी लावली तर जोडण्यांतला फरक कोणाच्या खात्यावर टाकणार?

एका रुग्णासाठी? नको.

न्यूरॉलॉजिस्टकडून हमखास येणारा प्रश्न: आमच्या ओपीडीतल्या या एका रुग्णाचा स्कॅन टाकून सांगता येईल का? कॉन एका माणसाची गटाशी तुलना करून देते, बटण आहे, चित्रही येते. देऊ नये. एकाच माणसाचा स्कॅन पुन्हा घेतला तर एकेका जोडणीचा आकडा कितपत जुळतो, याचा २०१९ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा सरासरी आयसीसी (जुळणीचा निर्देशांक; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.२९ सांगतो. हा आकडा खराब गणला जातो. एवढ्या डगमगत्या काट्यावर घरच्यांना 'एफटीडी आहे' किंवा 'नाही' म्हणून सांगता येत नाही. रुग्णाच्या निदानाला आज साधा स्ट्रक्चरल एमआरआय, एफडीजी पेट (मेंदू साखर किती वापरतो ते दाखवणारा स्कॅन), रक्तातले न्यूरोफिलामेंट (मज्जापेशी झिजल्याची खूण असलेले प्रथिन) आणि घरच्या माणसाची नीट घेतलेली हकिकत यांचेच बळ अधिक आहे.

पर्यायांचे दोन शब्द. एफएमआरआयप्रेप या दुसऱ्या सॉफ्टवेअरची साफसफाई कॉनपेक्षा चोख आणि तिचा अहवाल वाचायला सोपा. पण ती डॉकर या वेगळ्या कंटेनर-सॉफ्टवेअरवर चालते आणि साध्या विंडोज लॅपटॉपवर रडवते. दोन्हींची मोट बांधता येते: एफएमआरआयप्रेपचे निकाल कॉनमध्ये आयात करावेत, तिथे फक्त गुळगुळीत करण्याची पायरी लावावी. साच्यात पुन्हा बसवू नये, ते आधीच झालेले असते, आणि ही दुहेरी चूक नवखे लोक हटकून करतात. लिनक्स जमत असेल तर हीच आमची पसंतीची जोडी. एफएसएल या आणखी एका पॅकेजमधली ड्युअल रिग्रेशन पद्धत अनेक केंद्रांच्या डेटाला बरी, पण तिथे खिडक्या कमी आणि कमांड जास्त.

स्वतःचे स्कॅनर नसलेल्यांनी हात बसवायला अमेरिकेतल्या एनआयएफडी या एफटीडीवरच्या प्रकल्पाचा डेटा मागावा. एफटीडीच्या तिन्ही मुख्य प्रकारांचे रुग्ण आणि निरोगी माणसे दोन्ही त्यात आहेत. लोनी या स्कॅन-संग्रहाच्या संकेतस्थळावर अर्ज करून, वापराच्या अटी मान्य करून तो मिळतो. त्यातले दहा रुग्ण आणि दहा निरोगी घ्यावेत, आधी सगळ्या तयार सेटिंगवर चालवावे, मग वर सांगितलेले बदल एकेक करून. ३८, २६, उणे १० चा सीड लावल्यावर नकाशा कसा बदलतो ते आधीच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावे.

गुण द्यायचेच तर शिकण्यासाठी पाचपैकी पाच, गटांच्या अभ्यासासाठी चार, एफटीडीसाठी तयार सेटिंगना दोन, आणि एका रुग्णाच्या निदानासाठी शून्य.